अकरावी-बारावीच्या मुलांना इन्कम टॅक्स रिटर्न कसं शिकवावं?

प्रश्न एका मॅडमचा आहे. तालुक्याच्या गावातल्या हायस्कूल आणि ज्युनियर कॉलेजात त्या कॉमर्स शिकवतात. त्या लिहितात: "मुलांना रिटर्न भरायला शिकवायचं आहे. आठ-दहा तास मिळतील. अभ्यासक्रमात हा विषय नाही, मुलांना उत्पन्न नाही, आणि खरं सांगायचं तर मी माझंच रिटर्न सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेते. सुरुवात कुठून करू?"

मॅडम, सुरुवात तुमच्या त्या शेवटच्या वाक्यापासूनच करा. शाळेनं दिलेला फॉर्म १६ (वर्षाचा पगार आणि त्यातून कापलेला कर दाखवणारा कागद), कॅफेवाल्यानं भरलेल्या रिटर्नची प्रत आणि तुमचं पासबुक एका टेबलावर मांडा. पासबुकात जमा झालेलं बचत खात्याचं आणि एफडीचं व्याज रिटर्नमध्ये कुठे दिसतंय का, बघा. मी बावीस वर्षं लोकांची रिटर्न भरतोय. शिक्षकांच्या रिटर्नमध्ये ही ओळ इतक्या वेळा कोरी पाहिली आहे की आता फाइल उघडल्याबरोबर माझी नजर आधी तिथेच जाते. कॅफेवाल्याला दोष देऊ नका. तुम्ही फॉर्म १६ दिलात, त्यानं फॉर्म १६ उतरवला. शाळेनं काय दिलं एवढंच त्या कागदावर असतं. बँकेनं काय दिलं ते शाळेच्या क्लार्कला कुठून कळणार?

स्वतःच्या कागदांवर हे एकदा पाहिलंत की वर्गात काय शिकवायचं ते अर्धं ठरलं. अकरावीच्या बुक-कीपिंगमध्ये बँक रिकन्सिलिएशन तुम्ही शिकवताच. कॅशबुक एक आकडा सांगतं, पासबुक दुसरा, आणि फरक कुठून आला ते शोधायचं. रिटर्न हे तेच काम आहे. एका बाजूला मी जाहीर करतो ते माझं उत्पन्न. दुसऱ्या बाजूला माझ्या पॅनवर सरकारकडे गोळा झालेली माहिती. त्यात फॉर्म २६एएसमध्ये माझ्या नावावर कापून भरलेला कर दिसतो, आणि नोव्हेंबर २०२१ पासून मिळणाऱ्या एआयएसमध्ये, म्हणजे अॅन्युअल इन्फर्मेशन स्टेटमेंटमध्ये, व्याज, डिव्हिडंड, शेअरची विक्री असं बरंच काही. दोन्ही बाजू जुळवायच्या. जिथे जुळत नाही तिथे कोण चुकलंय ते शोधायचं, कारण कधीकधी एआयएसही चुकतं आणि तिथे तशी हरकत नोंदवता येते. हे झालं की प्रत्यक्ष फॉर्म भरणं अर्ध्या तासाचं काम उरतं.

म्हणून पोर्टलची बटणं शिकवण्यात तास घालवू नका. ७ जून २०२१ला नवं पोर्टल आलं तेव्हा आमच्यासारखे जुने लोकही पुन्हा बिगरीत बसले होते. कलमांचे आकडेही पाठ करून घेऊ नका. १ एप्रिल २०२६पासून १९६१चा कायदा जाऊन प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला आणि घराघरात तोंडी असलेलं, विमा-पीएफवर वजावट देणारं कलम ८०सी एका रात्रीत १२३ झालं.

एक घोळ मात्र वर्गात सोडवावाच लागेल, तो दोन वर्षांचा. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचं रिटर्न जुन्याच कायद्याखाली, असेसमेंट इयर २०२६-२७ म्हणून भरायचं. नव्या कायद्यात असेसमेंट इयर हा शब्दच काढून टाकलाय, फक्त 'करवर्ष' ठेवलंय. पण मुलांच्या घरातले सगळे जुने कागद दोन वर्षं दाखवणार. आमच्याकडच्या शाळेत मीही हे शिकवतो, तिथल्या मुलांना सांगतो, ऊस ज्या साली शेतात उभा होता ते आर्थिक वर्ष, आणि काट्यावर वजन होऊन बिल निघालं ते असेसमेंट इयर. पुन्हा कोणी विचारत नाही.

आता माझी एक चूक सांगतो, ती तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी मी मुलांना सांगितलं, उद्या घरून आई-वडिलांचा फॉर्म १६ घेऊन या. उत्साहात सांगितलं. वर्गात दोन चुलतभाऊ होते. एकानं दुसऱ्याच्या वडिलांचा पगार वाचला आणि संध्याकाळी घरी आजोबांसमोर बोलून टाकला. वाटणीचा विषय आधीच धुमसत होता, त्यात हे तेल. दोन दिवसांनी मोठे भाऊ माझ्या ऑफिसात येऊन, आवाज न चढवता, मला जे बोलले ते अजून आठवतं. पगार, कर्ज, पॅन, आधार या गोष्टी वर्गात उघड्यावर ठेवायच्या नसतात. तेव्हापासून मी काल्पनिक माणसांची पाकिटं बनवतो. एका माणसाचं एक पाकीट. आत फॉर्म १६ किंवा पगारपत्रक, पासबुकाची दोन पानं, २६एएस आणि एआयएसचा उतारा, सगळं मीच टाइप केलेलं. चार मुलांच्या गटाला एक पाकीट. खरं पोर्टल प्रोजेक्टरवर दाखवायचं तर स्क्रीनशॉट दाखवा, कोणाचंही खरं लॉगिन नको. ओटीपी म्हणजे सही, आणि सही उधार देत नाहीत, हे एका वाक्यात सांगून पुढे जा.

पहिला तास पॅन आणि पगारपत्रकाचा. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे, पुन्हा एक अक्षर. चौथं अक्षर 'पी' असेल तर व्यक्ती, पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं. फळ्यावर खोटा पॅन लिहून आडनाव कशावरून सुरू होतं ते ओळखायला लावा, वर्ग जागा होतो. काहींकडे लहानपणी काढलेलं पॅन असतं, त्यावर फोटो नसतो. कायद्याच्या मराठीत अठराच्या आतल्याला 'अज्ञान' म्हणतात हे सांगितलं की हशा ठरलेला.

पगारपत्रकात व्यवसाय कराची ओळ दाखवा. पगार एका मर्यादेच्या वर गेला की महाराष्ट्रात अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापतात. फेब्रुवारीतच जास्त का, असं कोणीतरी विचारतंच. अकरा गुणिले २०० म्हणजे २,२००, अधिक ३०० म्हणजे २,५००. आणि राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदानं व्यवसाय कराला वर्षाला २,५०० रुपयांचीच मर्यादा घातलीय. हा कर राज्याचा, इन्कम टॅक्स केंद्राचा. 'माझा टॅक्स कापला जातो' म्हणणाऱ्या कितीतरी लोकांचे फक्त हेच २०० रुपये जात असतात.

"आम्हाला उत्पन्नच नाही" या तक्रारीला उत्तर तयार ठेवा. बारावीनंतर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी धावाधाव होते, तेव्हा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे का, हे विचारलं जातं. शैक्षणिक कर्जाला गेलात तर बँक वडिलांची रिटर्न मागते. तेव्हा रिटर्न हा शब्द घरात पहिल्यांदा, आणि फार घाईत, शिरतो.

आता पाकिटांकडे येतो. माझी तीन आवडती आहेत.

पहिलं पाकीट एसटीच्या कंडक्टरचं. वर्षाचा पगार ४,८६,०००, एफडीचं व्याज १८,४००, बचत खात्याचं ३,१५०. नव्या करपद्धतीत पगारातून ७५,००० प्रमाणित वजावट, म्हणजे ४,११,०००. त्यात व्याज मिळवून ४,३२,५५०. चार लाखांवर ५ टक्के, म्हणजे १,६२७ रुपये ५० पैसे. पण एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असल्यामुळे तेवढीच सूट मिळते आणि कर शून्य. इथे थांबा आणि विचारा: रिटर्न भरायचं की नाही? नव्वद टक्के वर्ग 'नाही' म्हणतो. भरायचं. रिटर्नची सक्ती चार लाखांच्या रेषेवर ठरते, बारा लाखांच्या नाही. चार लाख ही उत्पन्नाची करमुक्त मर्यादा आहे. बारा लाखांपर्यंत आधी कर काढायचा आणि मग तो माफ करायचा. 'बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही' ही २०२५च्या अर्थसंकल्पानंतरची बातमी सगळ्यांनी ऐकली, पण त्यातली ही दोन पावलं फार थोड्यांना कळली. मुलांना ती कळली तरी तुमचे दोन तास वसूल.

या पाकिटातून एक हुशार प्रश्न हमखास निघतो: "सर, बारा लाखांवर एक रुपया झाला तर एकदम साठ हजार भरायचे?" नाही. उत्पन्न १२,१०,००० असेल तर कर ६१,५०० येतो, पण सीमांत सवलतीमुळे जास्तीच्या दहा हजारांपेक्षा जास्त घेत नाहीत. दहा हजार आणि त्यावर ४ टक्के सेस (करावरचा उपकर), म्हणजे १०,४००. ज्यानं हा प्रश्न विचारला त्याला मी पुढच्या गणिताला फळ्यावर बोलावतो.

टप्प्यांचं गणित कांद्याच्या वाफ्यांवर समजावा. पाटाचं पाणी पहिला वाफा भरल्याशिवाय दुसऱ्यात जात नाही, आणि दुसऱ्यात गेलं म्हणून पहिल्यातलं कमी होत नाही. पहिला वाफा चार लाखांचा, कर नाही. पुढचा चार ते आठ, ५ टक्के. मग आठ ते बारा १० टक्के, बारा ते सोळा १५, सोळा ते वीस २०, वीस ते चोवीस २५, आणि त्यापुढे ३०. 'मी वरच्या स्लॅबमध्ये गेलो, पगारवाढ नकोच' असं म्हणणारी शिकलेली माणसं मी पाहिली आहेत. सोळा लाख पगाराचं गणित करून दाखवा: प्रमाणित वजावट जाऊन १५,२५,०००, कर २०,००० अधिक ४०,००० अधिक ४८,७५०, एकूण १,०८,७५०, सेससह १,१३,१००. म्हणजे पगाराच्या सातएक टक्के.

दुसरं पाकीट आजीचं, वय ७१. आजोबांमागे मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन १,६८,००० आणि एफडीचं व्याज १,४२,०००. ज्येष्ठ नागरिकांचं व्याज एका बँकेत वर्षाला लाखाच्या वर गेलं की १० टक्के टीडीएस. 'मला कर लागत नाही, टीडीएस कापू नका' असं बँकेला कळवणारा १५एच हा फॉर्म आजीनं दिला नव्हता, म्हणून बँकेनं १४,२०० कापले. कुटुंब निवृत्तिवेतन 'पगार' नव्हे, 'इतर उत्पन्न'. त्यातून २५,००० वजा, म्हणून १,४३,०००. व्याज मिळवून २,८५,०००. चार लाखांच्या बरंच आत, कर नाही. तरी आजीनं रिटर्न भरायचं का? सक्ती नाही, पण न भरल्यास १४,२०० परत कसे येणार? मुलांना पटकन कळतं की टीडीएस हा कर नव्हे, आगाऊ कापून ठेवलेली रक्कम आहे. गेल्या वर्षी हे पाकीट करून एक मुलगी घरी गेली, आजीची एफडीची पावती पाहिली आणि दुसऱ्या दिवशी १५एच कुठे मिळतो विचारायला आली. असा फॉर्म वर्षाच्या सुरुवातीलाच द्यायचा असतो आणि दरवर्षी नव्यानं, हे जरूर सांगा.

तिसरं पाकीट गटातल्या सगळ्यांना घाम फोडतं. हिंजवडीत नोकरी करणारा मोठा भाऊ. पहिल्या कंपनीत सहा महिने, ७,२०,०००. मग नोकरी बदलली, दुसरीकडे सहा महिने, ७,८०,०००. दोन फॉर्म १६ आणि दोन्हींत कापलेला कर शून्य, कारण प्रत्येक कंपनीनं आपापलं पाहिलं आणि ते पावणेतेरा लाखांच्या आत होतं. मुलं खुशीत शून्य लिहितात. मग मी म्हणतो, बेरीज करा. पंधरा लाख, ७५,००० एकदाच वजा, १४,२५,०००. कर ९३,७५०, सेससह ९७,५००. आणि तो आगाऊ भरला नाही म्हणून वर व्याज. नव्या ठिकाणी रुजू होताना जुन्या पगाराची माहिती दिली असती तर कर महिन्याकाठी कापला गेला असता. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात असे दोन-तीन तरुण माझ्यासमोर बसलेले असतातच, आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य, "काका, फॉर्म १६ मध्ये तर झीरो आहे."

जुनी करपद्धत की नवी, याला एक तास पुरे. नवी आपोआप लागू होते. जुनी हवी तर पगारदारानं मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्ये तशी निवड करायची. एखाद्या पाकिटात विमा, भविष्य निर्वाह निधी, घरभाडं घालून दोन्हीकडून कर काढायला लावा. ८०सीची दीड लाखांची वजावट नव्या पद्धतीत मिळत नाही हे मुलांनी स्वतः शोधलं पाहिजे. कोणती पद्धत 'चांगली' यावर वाद रंगू देऊ नका, तास संपतो.

शेतीबद्दल विचारतीलच. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण ते वर्षाला ५,००० रुपयांच्या वर असेल तर साधा आयटीआर-१, म्हणजे 'सहज', चालत नाही, आणि इतर उत्पन्न करपात्र असेल तर दर ठरवताना शेतीचा आकडा मोजला जातो. एवढंच सांगा. त्या मोजणीचं सूत्र बी.कॉम.ला करतील. मात्र कपड्याच्या दुकानाचा नफा सातबाऱ्यावर पिकत नाही, हे विनोदानं का होईना, सांगून ठेवा; आपल्या भागात ही लागवड जोरात आहे.

मुलांचं स्वतःचं उत्पन्न हाही विषय रंगतो. अज्ञान मुलाच्या नावावरच्या एफडीचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात. पण मुलानं स्वतःच्या कसबावर किंवा मेहनतीवर मिळवलेलं, म्हणजे कुस्तीचं बक्षीस, ढोलकीची बिदागी, व्हिडिओ एडिटिंगचे पैसे, ते त्याचं स्वतःचं. क्रिप्टोचं नाव निघालंच तर सांगा की तिथे नफ्यावर सरळ ३० टक्के, चार लाखांची मर्यादा आड येत नाही, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजाही होत नाही. मी हे सांगतो तेव्हा मागच्या बाकावरचे दोघे-तिघे वहीत काहीतरी लिहून घेतात. मी विचारत नाही.

एक पूर्ण तास मात्र 'रिफंड काढून देतो' म्हणणाऱ्यांसाठी ठेवाच. माझ्याकडे आलेली एक केस सांगतो. कारखान्यात लागलेला एक तरुण. कोणीतरी त्याला चाळीस हजारांचा रिफंड काढून दिला आणि कमिशन घेतलं. रिटर्नमध्ये राजकीय पक्षाला देणगी दाखवली होती. या पोरानं त्या पक्षाला मत तरी दिलं होतं की नाही, देव जाणे. विभागाचा मेसेज आल्यावर तो माझ्याकडे आला. 'अपडेटेड रिटर्न' (आधीची चूक दुरुस्त करायला नंतर भरतात ते) भरून चाळीस हजार, त्यावर व्याज, आणि वर पंचवीस टक्के जादा कर भरावा लागला. कमिशन घेणाऱ्याचा फोन तेव्हा बंद. जुलै २०२५मध्ये विभागानं अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर मोठी तपासणी मोहीम केली, आणि उत्पन्न मुद्दाम चुकीचं दाखवलं असं ठरलं तर दंड कराच्या दुप्पट असतो. मुलांना दंडाचा आकडा सांगाच, पण त्याआधी रिटर्नच्या शेवटचं सत्यापन मोठ्यानं वाचून घ्या. ते करदात्याच्या नावानं असतं. भरणारा कॅफेवाला असो, मी असो, नाहीतर काकाचा मित्र असो, 'हे खरं आहे' असं म्हणणारा करदाताच.

तिथेच ई-व्हेरिफिकेशन शिकवा. रिटर्न पाठवल्यापासून तीस दिवसांत आधार ओटीपीनं किंवा नेटबँकिंगनं पडताळणी करायची, नाहीतर सही करून कागद स्पीड पोस्टानं बंगळुरूला पाठवायचा. न केल्यास रिटर्न भरलंच नाही असं धरतात. मुदत चुकून उशिरा भरलं तर ५,००० रुपये शुल्क, उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर १,०००. आमचा कंडक्टर १,६२७ रुपयांचा माफ झालेला कर धरून निवांत बसला, तर त्याला हे १,००० भरावे लागतील. मुलांना यातली गंमत बरोबर कळते.

वेळ जून-जुलैचा धरा, बारावीच्या वर्गाला. कंपन्या १५ जूनपर्यंत फॉर्म १६ देतात, घरोघर तोच विषय असतो. अकरावीचे प्रवेश तेव्हा चालू असतात, त्यांना दिवाळीनंतर पाकिटं द्या.

परीक्षेचं म्हणाल तर फॉर्म भरायला सांगू नका. सगळे एकमेकांचं उतरवतात आणि तपासताना तुमचे डोळे जातात. मी नवं पाकीट देतो आणि त्यात तीन गोष्टी मुद्दाम न जुळणाऱ्या ठेवतो: पासबुकात आहे पण एआयएसमध्ये नाही असं व्याज, २६एएसमध्ये दुसऱ्याच वर्षाचा टीडीएस, आणि फॉर्म १६वर पॅनचं एक अक्षर चुकलेलं. पंचवीसपैकी पंधरा गुण या तीन शोधायला, पाच कराच्या गणिताला, आणि उरलेले पाच एका छोट्या पत्राला: चूक ज्याची, त्याला दुरुस्तीसाठी काय लिहाल? बँकेच्या शाखाधिकाऱ्याला, कंपनीच्या अकाउंट्सला, मराठीत, पाच ओळी. गणितात पैकीच्या पैकी घेणारी मुलं या पत्राला अडतात. पहिल्या पाकिटाचे माझे कागद पाठवतो, नावं आणि आकडे बदलून घ्या. वर्गात ज्याचे वडील खरोखर कंडक्टर आहेत असा मुलगा असेल, तर आधी तो कंडक्टर बदला.